एकवीस पुतळ्या

आमच्या घराण्याला दागिन्यांचा इतिहास आहे. पण तो बहुतेक गहाणवटीचा. आजीच्या पाटल्या १९७२ च्या दुष्काळात पेढीवर गेल्या त्या गेल्याच. गोठ आत्याच्या लग्नात मोडले. नथ कशी गेली हे घरात कोणी सांगत नाही आणि विचारण्याची सोय नाही. राहिली ती एक पुतळ्यांची माळ. एकवीस पुतळ्या, पटवेकऱ्याने लाल रेशमात ओवलेल्या. आजी ती वर्षातून दोनदाच घालायची, पाडव्याला आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला. एरवी ती तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या तळाशी असे.

लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी त्या पुतळ्या मोजीत असे. प्रत्येकीच्या एका अंगाला एक उभा माणूस, त्याच्यासमोर एक गुडघे टेकलेला, आणि मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या अंगाला लांबट गोल मखरात एकटाच कोणी उभा, भोवती चांदण्या. आजीचा अर्थ ठरलेला होता. “हा राम, हा मारुती. आणि मागं हा माझा विठोबा, दिवे लावलेत बघ भोवती.” विठोबाचे हात कमरेवर नाहीत, हे मी एकदा तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, “सोन्यात एवढं कुठं दिसतंय?”

या माळेवरून आमच्या घरात सत्तावीस वर्षे अबोला होता. सणासुदीच्या अंकात असल्या गोष्टी सांगू नयेत, असे आई म्हणेल. पण अबोला आता संपला आहे, आणि तो कसा संपला हे सांगायचे तर तो कसा सुरू झाला हेही सांगितले पाहिजे.

आजी गेल्यावर माळ वजन करण्यासाठी एका पेढीवर नेली. तिथल्या माणसाने पुतळ्या उलटसुलट केल्या, दोनचार कसोटीवर घासल्या आणि सहज म्हटल्यासारखे म्हटले, “यांत तेरा नकली आहेत.” बस. एवढाच शब्द. तो शब्द घेऊन माझे वडील घरी आले आणि संध्याकाळपर्यंत त्या शब्दाला हातपाय फुटले. आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत तांदळाच्या डब्याची किल्ली धाकट्या काकूकडे होती. काकूच्या माहेरचे लोक सोनारकामातले. आणखी पुरावा कोणाला हवा होता? आई बोलायची ते बोलली. काकूने एक अक्षर उत्तर दिले नाही. आठ दिवसांत ती आणि काका वेगळे राहू लागले. एकाच शहरात, तीन मैलांच्या अंतरावर, पण जाणेयेणे फक्त मयतीला.

परवाच्या उन्हाळ्यात आईने माळ काढली आणि म्हणाली, “तुम्ही दोघी बहिणी वाटून घ्या. माझ्यामागं भांडू नका.” एकवीसचे दोन सारखे भाग होत नाहीत हे शाळेत गणित शिकवणारीला कळायला वेळ लागला नाही. शिवाय खऱ्या कोणत्या आणि नकली कोणत्या हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून मी माळ पदराखाली घेऊन सराफ्यात गेले. आता शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण सराफ्याचे बोळ तेच, गुलमंडीची गर्दी तीच. ज्यांच्याकडे गेले ते सराफकाका ऐंशीच्या घरातले. दुकान मुलगा पाहतो. हे नुसते गादीवर बसतात आणि जुने काही आले की भिंग मागतात.

त्यांनी माळ पाहिली आणि प्रथम विचारले, “तुम्हाला इंग्रजी अक्षरं वाचता येतात ना, बाई? मग वाचा.” भिंग माझ्या हातात दिले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण या अक्षरांपुढे माझे इंग्रजी लंगडे पडले. शब्द जुळेनात. मग एका पुतळीच्या कडेला मला ‘पाव्ल रायनेर’ अशी अक्षरे लागली. सराफकाका हसले. “हा राम नव्हे. हा तुमचा मारुती. त्याचं नाव पाओलो रेनिएर.”

वाचकहो, त्या दुपारी मी जे ऐकले आणि नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले, ते थोडक्यात असे. इटलीतल्या व्हेनिस शहराने १२८४ साली एक सोन्याचे नाणे पाडले, दुकात नावाचे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांहून किंचित जास्त. सोने इतके शुद्ध की त्या काळच्या कारागिरीला याहून शुद्ध करणे जवळपास अशक्यच होते. उभा आहे तो व्हेनिसचा रक्षक संत मार्क. गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेतो आहे तो दोजे, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. मागच्या अंगाला चांदण्यांच्या मखरात येशू ख्रिस्त. दोजे बदलला की नाव बदलायचे, चित्र तेच. पाचशे वर्षे तेच. पाओलो रेनिएर १७७९ ते १७८९ या काळात दोजे होता. त्याच्यानंतरचा लुदोविको मानिन शेवटचा. १७९७ साली नेपोलियनपुढे व्हेनिसने मान टाकली.

हे नाणे आजीच्या तांदळाच्या डब्यात कसे आले? मिऱ्यांच्या आणि कापडाच्या वाटेने आले. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाला जाऊन मसाला विकत घेत आणि सोने मोजून देत. ते सोने तांबड्या समुद्राच्या बंदरांतून आमच्या पश्चिम किनाऱ्याला लागे. आपल्याकडचा माल त्यांना हवा होता, त्यांचा माल आपल्याला विशेष नको होता. तेव्हा सोने येई आणि इथेच राही. हे दुखणे जुनेच. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी हिंदुस्थान वर्षाला पाच कोटी सेस्टर्स गिळतो म्हणून कुरकुरला होता. आणि तो पैसा ज्या बाजारांत मुरला त्यांत आमच्या जिल्ह्यातले पैठण होते. शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी सभासदाने दिली आहे, तिच्यातही पुतळ्या आहेत. नाण्यावर माणसाची आकृती, म्हणून पुतळी. मुसलमानी मोहरांवर नुसती अक्षरे असत. बायकांना बाहुल्यांचे नाणे गळ्यात घालायला अधिक आवडले असणार.

नावाचाही एक प्रवास आहे, तो मला फार गमतीचा वाटतो. व्हेनिसच्या टाकसाळीला ‘झेक्का’ म्हणत. हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून आलेला. झेक्कात पाडलेले ते ‘झेक्किनो’. त्याचे इंग्रजांनी केले ‘सीक्विन’, आणि पुढे कपड्यावर शिवायच्या चकचकीत टिकल्यांना तेच नाव पडले. आपण सिक्का म्हणतो तो हाच. माझ्या धाकट्या बहिणीच्या साडीवरच्या टिकल्या आणि आजीच्या पुतळ्या सख्ख्या चुलत बहिणी आहेत, हे कळल्यावर बहीण म्हणाली, “मग वाटणीत मला साडी धरू नका म्हणजे झालं.”

आणि मग त्या तेरा. सराफकाकांनी एक आणि एक अशा दोन पुतळ्या शेजारी ठेवल्या. पहिलीवर अक्षरे होती. दुसरीवर नुसत्या उभ्याआडव्या रेघा, अक्षरांचा आव आणलेल्या. तिच्यावरचा संत काटकुळा झाला होता, आणि दोजे गुडघ्यावरून अर्धवट उठलेला होता. “व्हेनिसचं नाणं यायचं थांबलं,” सराफकाका म्हणाले, “पण लग्नं थोडीच थांबतात? माळेला एकवीस पुतळ्या हव्यात आणि घरात आठ. मग सोनाराने ठसा कोरायचा आणि बाकीच्या पाडायच्या. त्याला ती लिपी येत नव्हती. चित्र समजून कोरली.”

“म्हणजे नकली?”

“नक्कल,” ते म्हणाले. “नकली नव्हे. सोनंच आहे. बावीस कॅरटच्या आसपास.”

माझ्या पोटात काहीतरी हलले. मी त्यांना काकूची हकीकत सांगितली. नाव न घेता, दुसऱ्या कोणाची म्हणून. म्हातारा हुशार, त्याने कोणाची हे विचारले नाही. भिंगाखाली एकेक कडी धरून दाखवली. एकवीसच्या एकवीस कड्या एकाच तारेच्या, एकाच हाताने डाकलेल्या. पुतळी बदलायची तर कडी काढून पुन्हा डाकावी लागते, आणि दुसऱ्यांदा दिलेला डाक लपत नाही. इथे दुसरा डाक कुठेच नव्हता. शिवाय शेजारच्या पुतळ्या एकमेकींना घासून कडा झिजल्या होत्या. खरीची झीज शेजारच्या नकलेच्या झिजेला जुळत होती. “ही झीज पाचपंचवीस वर्षांची नाही,” ते म्हणाले. “तीनचार पिढ्यांची आहे.”

घरी येताना रिक्षात मी हिशेब केला. गणिताच्या बाईला दुसरे काय सुचणार? तेरा पुतळ्या, साडेतीन ग्रॅमप्रमाणे साडेपंचेचाळीस ग्रॅम. शुद्ध सोने आणि बावीस कॅरट यांतला फरक शेकड्याला आठ. म्हणजे काकूने खरोखरच चोरी केली असती, तर तिच्या पदरात पडले असते साधारण साडेतीन ग्रॅम सोने. एका पुतळीएवढे. त्यासाठी तिने तेरा जुन्या नकला शोधून आणायच्या, तेरा कड्या डाकायच्या, आणि सासूला पत्ता लागू द्यायचा नाही. हा हिशेब त्या वर्षी आमच्यापैकी कोणीही केला नाही. आठवीतल्या मुलाने केला असता.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. लग्नात, मुंजीत, बायकांच्या चेहऱ्याकडे बघायचे सोडून मी त्यांच्या गळ्याकडे बघते. दोनतीन ठिकाणी माझ्याविषयी भलते बोलले गेले, असे कानावर आले आहे. हल्लीच्या बहुतेक पुतळ्यांवर लक्ष्मी असते. पातळ पत्र्याच्या, छान दिसतात, पण त्यांत वाचण्यासारखे काही नसते. आमच्या शेजारणीकडे मात्र एक गिन्नी निघाली. पंचम जॉर्जची, १९१८ ची. मागे घोड्यावर संत जॉर्ज अजगराला मारतो आहे. पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराने १८१७ साली केलेले चित्र. भिंग लावले तर साल लिहिले आहे त्याच्या वर एक बारीक इंग्रजी ‘आय’ दिसला. म्हणजे ही लंडनची नव्हे, मुंबईच्या टाकसाळीतली. तिथे त्या एकाच वर्षी गिन्न्या पाडल्या होत्या. शेजारीण म्हणाली, “आमच्या सासूबाई याला खंडोबा म्हणत. घोडा आहे, खाली दैत्य आहे, आणखी काय पाहिजे?” केरळात तर म्हणे व्हेनिसच्या दोजेत लोकांना माडावर चढणारा माडीवाला दिसला. ज्याला जे जवळचे ते दिसते. मी आजीचा विठोबा कोणाला खोडून सांगत नाही.

आईला मात्र सांगावे लागले. मी तिला भिंग दिले, कड्या दाखवल्या, झीज दाखवली, हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने सगळे ऐकून घेतले. भिंग खाली ठेवले, माळ डब्यात घातली, वर तांदूळ ओतले. दोन दिवस ती त्याविषयी बोलली नाही. मला वाटले, संपले. तिसऱ्या दिवशी चकल्यांची भाजणी भाजत होती, पाठमोरीच म्हणाली, “एक डबा जास्तीचा कर. मी येते बरोबर.”

नरकचतुर्दशीला दुपारी आम्ही गेलो. काकूने दार उघडले आणि दारातच उभी राहिली. केस पांढरे झाले होते. मला शेवटचे आठवत होते ते काळे. आईने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. मग तिने पिशवीतून माळ काढून काकूच्या हातात दिली आणि म्हणाली, “कड्या बघ.”

काकू सोनाराची मुलगी. तिला भिंग लागले नाही. खिडकीशी जाऊन तिने एक कडी पाहिली, दुसरी पाहिली, आणि माळ आईच्या हातात परत दिली. “मला ठाऊक होतं, वहिनी,” ती म्हणाली. “तेव्हा कोणी विचारलं नाही.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर पोरे टिकल्या फोडीत होती. मग काकूने डबा उघडला, एक चकली मोडून तोंडात टाकली, आणि आईकडे पाहत म्हणाली, “भाजणी कच्ची राहिली का हो?”

“भाजणी नाही,” आई म्हणाली. “मोहन जास्त झालं. हिनं घातलं.”