आठवी बाटली

21 ऑगस्ट 2025
नातीच्या औषधाची सहावी बाटली आजपासून. सूनबाईने झाकणावर मार्करने 6 लिहिलं. 80 मिली. रोज 4 मिली. वीस दिवस.

22 ऑगस्ट
पोळा. गावात बैलजोड्या मोजक्याच उरल्या. शेजाऱ्यांनी त्यांची जोडी मुद्दाम आमच्या दारात आणली. छोटीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. तिला शिंगाच्या बेगडाला हात लावायचा होता. हात खांद्यापर्यंत आला, पडला. पुन्हा उचलला. शेजाऱ्याने कासरा ओढून बैलाची मान खाली आणली. तिचं बोट टेकेपर्यंत बैल हलला नाही.

25 ऑगस्ट
रात्री तीनदा छोटीची कूस बदलावी लागते. अकराला तिची आई, दोनला बाप, पाचला मी.

29 ऑगस्ट
वहीत हिशेब मांडला. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत. आपल्याला मिळाली. छोटीच्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरच्या रिस्डिप्लामची बाटली 6 लाख 20 हजारांना. म्हणजे आठ बाटल्या. 160 दिवस. 13 मेला सुरुवात. 19 ऑक्टोबरला शेवट.
औषध जन्मभराचं आहे.
छत्तीस वर्षं पोरांना भागाकार शिकवला. हा तीनदा करून पाहिला.

30 ऑगस्ट
थोरल्याने कांदा विकला. क्विंटलला 1,100. एका बाटलीला 564 क्विंटल लागतील. चाळीत सव्वाशे आहे, त्याचाही खालचा थर सडायला लागलाय.

4 सप्टेंबर
काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय. 33 जीवरक्षक औषधांवरचा 12 टक्के कर शून्य. 22 तारखेपासून. धाकट्याने फोनवर यादी शोधली. रिस्डिप्लाम आहे. त्याने ते नाव मोठ्याने वाचलं, मग बायकोला दाखवलं, मग पुन्हा वाचलं.
कर वजा केला तरी साडेपाच लाख. हे मी त्याला उद्या सांगेन.

5 सप्टेंबर
शिक्षक दिन. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन. एकाचं शिरूरला मेडिकल आहे. शुभेच्छा दोन मिनिटं, बाकी अर्धा तास औषधच.
त्याच्याकडून कळलं ते लिहून ठेवतो. पेटंट 2035 पर्यंत. हैदराबादच्या नॅटको कंपनीने हेच औषध बनवलंय. स्वित्झर्लंडची मूळ कंपनी ते अडवायला दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्चमध्ये एका न्यायाधीशांनी मनाई द्यायला नकार दिला. आता अपील दोन न्यायाधीशांपुढे. केरळची एक तरुणी, हाच आजार असलेली, स्वतः त्या खटल्यात उतरली आहे.
"सर, बघा, धीर धरा."
2035 ला छोटी चौदा वर्षांची होईल.

7 सप्टेंबर
पहाटे पाचला गेलो. छोटी उजव्या कुशीवर होती. धाकटा म्हणाला, दोनला डाव्या कुशीवर ठेवली होती. सूनबाई उठलीच नव्हती.
कुणीच काही बोललं नाही. चहा झाला.

8 सप्टेंबर
पुन्हा तीनदा उठावं लागलं. असू दे.

10 सप्टेंबर
सातवी.

12 सप्टेंबर
माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. दिल्लीला पाठवला. प्रश्न एकच ठेवला: 50 लाख संपल्यावर जन्मभर औषध लागणाऱ्या मुलाने काय करायचं, याची तरतूद कुठे आहे? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
या कायद्यासाठी अण्णा हजारे उपाशी बसले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर रात्री बसलेलो आहे. स्वतःच्या नातीसाठी कधी अर्ज लिहावा लागेल असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

15 सप्टेंबर
छोटीला सर्दी. खोकला येतो पण कफ बाहेर पडत नाही, तेवढा जोरच नाही छातीत. सूनबाई तिला पालथी घेऊन पाठीवर वाटीसारखा हात करून थापटते. आत्ता रात्रीचा एक वाजलाय. घर जागं आहे.

16 सप्टेंबर
तेच.

18 सप्टेंबर
उतार. वरण-भात खाल्ला. दोन चमचे जास्त मागितले.

19 सप्टेंबर
ही विचारत होती, पिंपरी-चिंचवडच्या त्या लेकरासाठी लोकांनी 16 कोटी जमवले होते ना, आपणही तसं करावं का? 2021 ची गोष्ट. हाच आजार. इंजेक्शन मिळालं होतं. पोर राहिली नाही.
मी म्हटलं, बघू. तिला शेवट आठवत नसावा. किंवा आठवत असेल.
लोकांनी किती आजारांसाठी, किती वेळा झोळ्या भरायच्या? दुष्काळात या गावाने नाला बांध घातले, श्रमदानाने पाणी अडवलं. मीही पाट्या वाहिल्या. पाऊस आपल्या हातात नव्हता. औषधाची किंमत काही आभाळातून पडत नाही. ती माणसं ठरवतात, एका खोलीत बसून.

22 सप्टेंबर
घटस्थापना. करही आजपासून गेला. घटात गहू पेरले. छोटीने चिमटीने सात दाणे टाकले. मी मोजले.

24 सप्टेंबर
आमचे जुने सहशिक्षक घरी आले. रक्ताचा कर्करोग होता त्यांना. तेव्हा इमॅटिनिबची मूळ गोळी महिन्याला लाखाच्या वर, इथली आठ-दहा हजारांना. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं. माहीत असलेल्या औषधाचं रूप बदललं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. त्या खटल्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी होती. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र सरांनी शाळेत आणलं होतं, घडी करून, खिशात.
आज छोटीसाठी चिक्की आणली. तिला चाववत नाही. त्यांनीच खलबत्त्यात कुटून दिली.

28 सप्टेंबर
कालपासून धो धो. शेतात तळं. लावलेला कांदा दिसत नाही. डीपी जळाली, रात्रभर लाईट नाही. सूनबाई फ्रिजचं दार कुणाला उघडू देईना. सकाळी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून धाकटा डेअरीत गेला. तिथे जनरेटर आहे. डेअरीवाल्याने फ्रिजमधला एक पूर्ण कप्पा रिकामा करून दिला. बाटलीशेजारी दुसरं काही ठेवलं नाही.

29 सप्टेंबर
लाईट आली. बाटली घरी.
पीक गेलं. थोरला बांधावर उभा राहून आला. जेवला नाही.

30 सप्टेंबर
आठवी. झाकणावर आकडा घातला नाही.

2 ऑक्टोबर
दसरा. छोटीने सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. ठेवलं. पडू दिलं नाही.

5 ऑक्टोबर
सूनबाई औषध काढताना स्वयंपाकघरात गेलो. सिरिंज 3.5 वर थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेर आलो.

6 ऑक्टोबर
कोजागिरी. काल बोलायला हवं होतं. आज सकाळीही बोललो नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, मात्रा वजनावर ठरते, आपल्या मनाने कमी करायची नाही. ते तिला माझ्याहून जास्त पाठ आहे.

9 ऑक्टोबर
संध्याकाळी शिरूरहून फोन. दिल्ली उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं.
"सर, नॅटकोची बाटली 15,900."
मी अंक पुन्हा सांगायला लावला. एकेक सुटा.

10 ऑक्टोबर
पेपरात आलं. आकडा तोच. 15,900.
वही काढली. वर्षाला अठरा बाटल्या: 2 लाख 86 हजार 200. सुप्याच्या एमआयडीसीत धाकट्याला महिन्याला 18 हजार. वर्षाचे 2 लाख 16 हजार. पगार पुरत नाहीच. पण काल हा हिशेब करायला वही उघडवत नव्हती. आज दोन्ही पोरं वहीभोवती बसली. थोरला म्हणाला, कांद्याच्या 29 गोण्या म्हणजे एक बाटली. कधी नव्हे ते त्याने गणित तोंडी केलं.

11 ऑक्टोबर
सिरिंज 4 वर.

12 ऑक्टोबर
अर्जाचे तीस दिवस झाले. पोस्टात काही नाही.

15 ऑक्टोबर
मूळ कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आहे. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. टीव्ही लावला की सूनबाई बाहेर जाते.

17 ऑक्टोबर
वसुबारस. गाय-वासराची पूजा चालू असतानाच धाकट्याचा फोन वाजला. सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. औषध विकता येणार.
सूनबाईने गाईला पुरणाचा घास दिला, ताट खाली ठेवलं आणि तिथेच, गोठ्यात, गाईच्या गळ्याला धरून उभी राहिली. बराच वेळ. छोटी माझ्या कडेवरून विचारत होती, "तात्या, आई गायीला काय सांगते?"

18 ऑक्टोबर
धनत्रयोदशी. हिने धने-गुळाशेजारी एक रिकामी बाटली मांडली. हळदकुंकू वाहिलं.
शिरूरला मागणी नोंदवली. माल पुण्याहून यायचा. दिवाळीत गाड्या कमी, म्हणाला.

20 ऑक्टोबर
हिशेबाने काल संपायला हवी होती. तळाशी अजून आहे. कुणी काही विचारलं नाही.

21 ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. शेवटचं औषध. बाटली उलटी धरून शेवटचा थेंब सिरिंजमध्ये ओढला.

22 ऑक्टोबर
औषध नाही.

23 ऑक्टोबर
भाऊबीज. औषध नाही. छोटीने चुलतभावाला ओवाळलं. ताम्हण तिच्या आईने खालून धरलं होतं.

24 ऑक्टोबर
नाही. सगळे तिच्या हाताकडे बघत बसतो. पेला उचलते का. तिलाही कळलंय, ती पेल्याला हातच लावत नाही.

25 ऑक्टोबर
शिरूरला दोनदा फोन. सोमवारी नक्की.

27 ऑक्टोबर
वाडेगव्हाण फाट्यावर मी आणि धाकटा सकाळी नऊपासून. अकराला शिरूरचा विद्यार्थी स्वतःच मोटारसायकलवर आला, पाठीला पिशवी, पिशवीत बर्फाची पाकिटं. पावडर दुकानातच मापाने पाण्यात मिसळून आणली होती. पैसे दिले. मोजून घे म्हटलं. त्याने मोजले नाहीत.
घरी आल्यावर सूनबाईने मार्कर घेतला. 9 लिहिलं.

3 नोव्हेंबर
पुण्याला तपासणी. पाच दिवस चुकलेले डॉक्टरांना सांगितले. सिरिंजचंही सूनबाईने आपणहून सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. रागावले नाहीत.
वजन 12 किलो 600. सहाशे ग्रॅम वाढलं. आता मात्रा 4.2. बाटली एकोणीस दिवस.
परतताना गाडीत सूनबाईने विचारलं, पुढे किती वाढेल? सांगितलं: 20 किलोला रोज 5 मिलिग्रॅम, मग तिथे थांबतं. वर्षाला तीस बाटल्या. 4 लाख 77 हजार.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "होऊ दे वीस किलो."

4 नोव्हेंबर
ही शेजारणींना सांगत सुटली आहे, सहाशे ग्रॅम. सकाळी भातावर तूप जरा जास्तच वाढलं.

6 नोव्हेंबर
पोस्टमन आला. वीजबिल.
अर्जावर अपील करणार. मसुदा केला. बाटली 15,900 झाली म्हणून माझा प्रश्न रद्द होत नाही. 18 हजारांच्या पगारात ती कुठून आणायची, हेही आता जोडलं.

8 नोव्हेंबर
थोरल्याने चाळ निवडायला काढली. सडका वेगळा, चांगला वेगळा. संध्याकाळी भिंतीला ओळीने गोण्या लावल्या. छोटीला खुर्चीत घालून तिथे नेलं. तिने बोट दाखवत मोजायला सुरुवात केली. अकरानंतर तेरा म्हणते. मी थांबवलं नाही. गोण्या सव्वीस होत्या. तीन कमी.