व्याजाची सोय

नाशिकची पांडवलेणी चढून गेलं की बहुतेक जण खांब पाहतात, मूर्ती पाहतात आणि खाली पसरलेल्या शहराचे फोटो काढतात. मी मात्र दहाव्या लेण्यातल्या एका हिशेबापाशी अडकतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्याच्या खर्चाची तरतूदही व्हरांड्याच्या भिंतीवर कोरून ठेवली. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीतून पावसाळ्यात इथं राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. करून पाहा: वर्षाचं व्याज २४०, आणि २० जणांचे बारा-बारा धरले तर तेही २४०च. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला, हेही लेखात आहे.

उषवदात काही निरिच्छ साधुपुरुष नव्हता. तीन लाख गाई दिल्याचं तो त्याच लेण्यात सांगतो. नावाची हौस तेव्हाही होती. आमच्या भागातल्या पाणपोईवरही काळ्या ग्रॅनाइटची पाटी आहे. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, निधी कुणाचा, सगळं सोनेरी अक्षरांत. खाली तोटी तुटलेली आणि साखळीला नुसता पेल्याचा कान. तोटी कुणी बदलायची, त्याचे पैसे कुठून यायचे, यावर पाटी गप्प आहे. दान तेव्हाही व्हायचं, आताही होतं. दिल्यानंतरच्या दिवसांची काळजी आपल्या पाटीवरून गळून गेली आहे.

म्हणून जुनं ते सोनं म्हणावं, तर त्याच डोंगरावरचं तिसरं लेणं आडवं येतं. तिथं गौतमी बलश्रीनं आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे. त्यानं धर्माला धरूनच कर घेतले, प्रजेच्या सुखदुःखाला आपलं मानलं. वाचताना मन भरून येतं. पण त्याच लेखात, तितक्याच अभिमानानं, त्यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचंही लिहिलं आहे. न्याय्य कर आणि वर्णांच्या भिंती, दोन्ही एकाच दमात. पूर्वजांची मूल्यं सांगताना आपण सोयीच्या ओळी वाचतो आणि या ओळीवरून नजर पुढे सरकवतो.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानानं या ओळीवर काट मारली. आपल्या काळाचा हा शिलालेख बलश्रीच्या लेखापेक्षा निःसंशय मोठ्या मनाचा आहे. पण अजूनही घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जातं. समता आपण लिहिली; तिच्या रोजच्या खर्चाची सोय मात्र उषवदाताइतक्या चोखपणे लावायची राहिली आहे.