अठरा महिने उभी राहिलेली गाडी

या स्मरणिकेत इमारतींचा, निकालांचा आणि दानशूर हितचिंतकांचा उल्लेख यथोचित येईलच. आम्ही मात्र वसतिगृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असणाऱ्या जुन्या ट्रॅक्स गाडीविषयी चार शब्द लिहिणार आहोत. अनेक माजी विद्यार्थी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन याच गाडीतून प्रथम शाळेत आले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शेवटच्या फेरीत मुलांना आजी-आजोबांच्या हवाली करून गाडी शेडमध्ये आली. बहुतेकांचे आई-वडील त्या वेळी कारखान्यांच्या फडातच होते. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, असे आम्ही समजलो. हँडब्रेक ओढला, टाकीत अर्धे डिझेल तसेच ठेवले, बॅटरीची वायर सोडविली नाही. त्या तीन आठवड्यांचे अठरा महिने झाले.

४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ ऑक्टोबरपासून सुरू व्हावयाचा होता. या दोन तारखांमधील अंतर काय असते, हे बीड जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाकडून उचल घेतो; एके रात्री वस्तीवर ट्रक येतो. लेकराला ठेवावयास जागा नसेल, तर तेही ट्रकमध्ये चढते. मग पट्टा पडेपर्यंत कोपी हेच त्याचे घर, आणि थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. आधीच दीड वर्ष गेले होते. आणखी एक हंगाम गेला असता, तर कित्येक मुले शाळेला कायमची अंतरली असती.

म्हणून आम्ही घाई केली. किल्ली फिरविली, सेल्फचा आवाजसुद्धा आला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी, नाहीतर उतारावरून गाडी ढकलावी, असा विचार चालला असताना शहरातून आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी आम्हांस थांबविले. ते म्हणाले, “गुरुजी, चालू व्हायचं मागून बघू. आधी थांबती का ते बघू. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीत लेकरं असणार हायेत.”

चाके काढल्यावर त्यांचे म्हणणे पटले. आम्हीच ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे मागचे ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटले होते. व्हील सिलिंडरमधील रबर फुगले होते. टायर एकाच जागी दबून बसले होते आणि त्यांच्या कडांना भेगा पडल्या होत्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले होते. दोन वायरी कुरतडलेल्या होत्या. बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरा थर जमून ती निकामी झाली होती.

टाकी उतरवली, तेव्हा तळाशी पाणी आणि काळा, बुळबुळीत गाळ निघाला. अर्धी टाकी रिकामी राहिली, की आतल्या हवेतील दमटपणाचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. तसेच सेल्फ मारले असते, तर तो गाळ पंपात आणि नोझलमध्ये गेला असता.

टाकी धुतली, फिल्टर व ऑइल बदलले. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले आणि एक रात्र ते मुरू दिले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पान्याने इंजिन हातानेच फिरवून पाहिले. ते अडले नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. शेवटी एअर काढण्याचे काम. स्क्रू सैल करून हाताने प्रायमर दाबीत राहावयाचे. बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार येईपर्यंत थांबावयाचे नाही. आम्ही आळीपाळीने तो दाबला. चौथ्या दिवशी सायंकाळी गाडीने दोनदा खोकल्यासारखा आवाज केला, धुराचा लोट सोडला आणि ती सुरू झाली. स्वयंपाकघरातील मावशी हातातले पीठ तसेच घेऊन बाहेर आल्या. त्यानंतर विमा, फिटनेस, पीयूसी यांची पूर्तता झाल्यावरच गाडी फाटकाबाहेर पडली.

पहिली फेरी पाटोदा तालुक्यातील वस्त्यांवर झाली. घाटात ब्रेक नीट लागत होते. अकरा मुले आली. एका घराला मात्र कुलूप होते; आदल्या रात्रीच ट्रक येऊन गेला होता. त्या घरातील बहीण-भाऊ आमच्या पटावर होते. गाडी नीट उभी केली असती, तर ते चार दिवस वाचले असते, ही खंत आम्ही येथे नोंदवून ठेवीत आहोत. पुढे नोव्हेंबरात एसटीचा संप चिघळला आणि कित्येक गावांना या गाडीवाचून दुसरे साधन उरले नाही.

आलेली मुलेही अठरा महिने थांबलेलीच होती. सहावीतील एका मुलाला धडा वाचता येईना. तो पुस्तक मिटून बसला. ढकलून सुरू करावयाचे नाही, हे आम्ही शेडमध्ये शिकलो होतो. पहिला महिना आम्ही धडे बाजूस ठेवले. गोष्टी सांगितल्या, ऐकल्या, अक्षरांपासून पुन्हा आरंभ केला. दिवाळीनंतर तो मुलगा फळ्यावरचा सुविचार स्वतः वाचू लागला.

आता सुट्टीतही दर पंधरवड्यास गाडी काही किलोमीटर चालविली जाते. ती उभी करताना हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावले जातात, टाकी भरून ठेवली जाते. तशीच दुसरी एक रीत आम्ही पाळतो: दसऱ्यापूर्वी प्रत्येक पालकाच्या घरी जाऊन येतो.

माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती एवढीच, की आपल्या वस्तीवर ट्रक येण्याआधी एखादे लेकरू मागे राहू शकते काय, ते पाहावे आणि आम्हांस कळवावे. गाडी तयार आहे.