मामा, मामी आणि सकाळची काडी

आमच्या एव्हरशाईन सिटीत 'वात' हा शब्द फार स्वस्त झालाय. पावसाळा लागला की लिफ्टमध्ये भेटणारा दर दुसरा माणूस "वात धरलाय हो" म्हणतो. गुडघे झिजलेल्या आजी, मान आखडलेला आयटीवाला, सगळे त्या एकाच शब्दात बसतात. त्यामुळे माझ्या मामाला आहे तो आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वसईच्या दमट हवेने झालेला नाही, हे नातेवाइकांना समजावता समजावता पुरेवाट होते. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, असा तो प्रकार.

मामा आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून राहतो. त्याचं सगळं आयुष्य वालीवच्या गाळ्यांत लेथवर गेलं. विडी तिथेच लागली, मग सिगरेट. आता सकाळी तासभर त्याची मूठ वळत नाही. शर्टाची बटणं मामी लावते. आणि काडीही मामीच पेटवून देते! आगपेटीवर काडी ओढायला बोटांत जोर नाही ना. मध्ये कोणीतरी लायटर आणून दिला, तर त्याचं ते चाक अंगठ्याने फिरेना.

मला हे बघवत नाही, पण मामीवर रागावताही येत नाही. "अगं, दिवसभरात तेवढं एकच त्यांना बरं वाटतं," म्हणते ती. मामाचं म्हणणं, दोन झुरके मारले की ठणका कमी होतो. तो काही खोटं बोलत नाही, बरं का. निकोटीनने वेदना थोडा वेळ बोथट होऊ शकते. सगळी गोची तिथेच आहे. आराम लगेच कळतो, नुकसान कळतच नाही.

नुकसान सुरू होतं ते सांध्यांपासून दूर, फुप्फुसात. धुराने तिथल्या काही प्रथिनांचं रूप बदलतं, शरीर त्यांना परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. रक्त तपासताना अँटी-सीसीपी म्हणून बघतात ती हीच. बोट सुजायच्या कितीतरी वर्षं आधी ती रक्तात असू शकतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा धागा मांडला. त्याच गटाने पुढे २०१४ मध्ये तिकडच्या ओल्या तंबाखूचा अभ्यास केला, तर तिने आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे मुख्य संशय धुरावर. (आमच्या मिश्रीवाल्या आत्याने लगेच खूश होऊ नये. तोंडाचा कॅन्सर आहेच वाट बघत.)

बरं, रोग तर झालाच, आता सोडून काय उपयोग? हा मामाचा लाडका प्रश्न. उपयोग औषधासाठी आहे. मामा मेथोट्रेक्सेट घेतो, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी. २०११ च्या एका स्वीडिश अभ्यासात कधीच न ओढणाऱ्या शंभरांतल्या ३६ जणांना तीन महिन्यांत तिचा चांगला गुण आला, ओढणाऱ्यांतल्या फक्त २७ जणांना. महागड्या टीएनएफ इंजेक्शनांचं तेच, ४३ आणि २९. आणि ज्यांनी सिगरेट सोडून दिली होती त्यांच्यात हा फरक दिसला नाही! हे वाचून मी तडक मामाकडे गेले.

मामा शांतपणे म्हणाला, "२०१८ च्या जुलैत वसईत पाणी तुंबलं तेव्हा टपरी बंद होती. तीन दिवस सिगरेट नव्हती मला. तेव्हा कुठे सुटले सांधे?"

आता काय बोलणार! पण मेथोट्रेक्सेटला गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात हे त्याला पाठ आहे. गोळीला तो तेवढा वेळ देतो, सिगरेट सोडण्याला मात्र तीनच दिवस. हे मी त्याला म्हटलं, तेव्हा तो टीव्ही बघायला लागला.

डॉक्टर आता इंजेक्शनाचं बोलतायत, पण आधी सिगरेट बंद करा म्हणतात. खर्चाचा आकडा ऐकून मामाने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पैशांचं की सिगरेटचं, यावर मामी अजून हसते. सिगरेटचंच होतं. रोजच्या सहा होत्या, सध्या तीनवर आलाय. आणि चहाच्या आधी काडी पेटवणार नाही, हे मामीने त्याला स्पष्ट सांगितलंय.

खरं तर मला जास्त काळजी मामेभावाची आहे. क्लारेस्कोग यांच्या त्याच २००६ च्या अभ्यासातला एक आकडा डोक्यातून जात नाही. आमवाताशी जोडलेल्या जनुकाच्या दोन प्रती असलेला माणूस सिगरेट ओढत असेल, तर ना जनुक ना सिगरेट अशा माणसापेक्षा अँटी-सीसीपीवाल्या आमवाताचा धोका सुमारे २१ पट. ती जनुकं त्याच्यात असतीलच असं नाही. पण असू शकतात, आणि रोज संध्याकाळी वसई रोडला उतरला की घरी यायच्या आधी तो टपरीवर थांबतो, हे मामा-मामी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला मी हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्यात, फोन अजून आलेला नाही.