मेट्रनच्या वहीतून

६ मे २०२४, सोमवार
आयसीयूतल्या एका सिस्टरचा राजीनामा टेबलावर. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’. तो रकाना सगळ्याजणी असाच भरतात. चहा मागवून बसवलं, तेव्हा खरं बाहेर आलं. किती दिवस रविवारचा ऑफ मागत होती. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यालाही मिळाला नाही. पगाराचं नावही तिने काढलं नाही. आता व्हेंटिलेटरवरचा पेशंट निर्धास्त सोपवावा अशी नवी मुलगी तयार व्हायला काही महिने जाणार. तोवर उरलेल्यांच्या डबल ड्युट्या, म्हणजे पुढच्या राजीनाम्याची पूर्वतयारी.

८ मे, बुधवार
व्यवस्थापनाची बैठक. “मुली पैशासाठीच जातात, आपण काय करणार?” असं अकाउंट्सचे साहेब म्हणाले. पैसा आहेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीची शिफारस मी वाचून दाखवली: १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी असावा. आमच्या खाटा दीडशे. पुढचा हिशेब कुणीच मांडला नाही; विषय पुढच्या बैठकीवर.

१० मे, शुक्रवार
नाइटची फेरी. मेल मेडिकल भरलेला, सिस्टर दोनच. एक सलाईन लावतेय, दुसरी नातेवाइकांची बोलणी खातेय. घरी येऊन लिंडा एकेन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास काढला. कामाने पिचलेल्या आणि असमाधानी नर्सेसपैकी ४३ टक्के जणी वर्षभरात नोकरी सोडायच्या विचारात होत्या. ज्यांना हे दोन्ही नव्हतं त्यांच्यात ११ टक्के. आमच्या मेल मेडिकलमधल्या दोघी कुठल्या गटात, हे सांगायला सर्वेक्षण नको.

१२ मे, रविवार
परिचारिका दिन. केक, गुलाब, ‘देवदूत’ म्हणणारी भाषणं. हॉल भरलेला दिसावा म्हणून ऑफवरच्या मुलींना बोलावून घेतलं होतं. नाइट उतरलेली एक जण खुर्चीतच पेंगत होती.

१६ मे, गुरुवार
सर्जिकल वॉर्डातून बऱ्याच दिवसांत कुणी गेलेलं नाही. पगार तोच, इमारत तीच. तिथली इन्चार्ज ड्युटी लिस्ट करण्याआधी प्रत्येकीला विचारते, आणि राउंडला सर्जन नर्सवर ओरडले तर मध्ये पडते. अमेरिकेत १९८३ मध्ये, नर्सेसचा तुटवडा असतानाही त्यांना टिकवणाऱ्या ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही वॉर्डाच्या निर्णयांत नर्सचा शब्द चालत होता. त्यांना ‘मॅग्नेट’ म्हटलं गेलं. आमचं मॅग्नेट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

२१ मे, मंगळवार
ओपीडीतल्या ब्रदरने जर्मन भाषेचा क्लास लावलाय. फेब्रुवारीत महाराष्ट्राचा बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार झाल्यापासून वॉर्डावॉर्डांत हीच चर्चा. तो जाणारच, आणि जावं. एचआरचं म्हणणं, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्या, बाँड वाढवा. मी लेखी विरोध दिला: कागद अडकवले तर माणूस थांबेल, त्याचं मन कामात राहणार नाही. सोबत तीन मागण्या. ऑफ मोडायचा तर इन्चार्जची लेखी संमती आणि बदली सुट्टी. मेल मेडिकलला नाइटसाठी तिसरी सिस्टर. आणि मुलाखत राजीनाम्यानंतर नको, नोकरीत असतानाच दर तीन महिन्यांनी घ्या. उत्तरं माझ्या कपाटात नकोत, बजेटवर सही करणाऱ्यांच्या टेबलावर हवीत.