तो दगड

काळं कुत्रं रात्री रडलं की कुणीतरी जातं, हे मी चाळिशी उलटेपर्यंत खरं मानत होतो. आजी सांगायची, "यम माणसाआधी कुत्र्याला दिसतो." वडील अंथरुणाला खिळले त्या पावसाळ्यात बदलापुरातल्या आमच्या गल्लीत एक काळं कुत्रं रात्री तोंड वर करून हेल काढायचं. एकदा दीडच्या सुमाराला मी खाली उतरलो आणि त्याला दगड मारला. पुढच्या पायावर बसला. केकाटत, तीन पायांवर ते गटार ओलांडून गेलं. आठवड्याने वडील गेले आणि माझी समजूत पक्की झाली.

पुढे कैक वर्षांनी शेजारच्या काकूंना रात्री न्यायला रुग्णवाहिका आली. मी गॅलरीत उभा होतो. सायरन कोपऱ्यावर वळला आणि गल्लीतली सगळी कुत्री त्या सुरात सूर मिळवून रडू लागली. सायरन थांबला, तीही थांबली. गल्लीच्या तोंडाशी हॉस्पिटल. त्या पावसाळ्यातही हेच होत असणार. आजार आधी, रडणं मागून. मी क्रम उलटा लावला होता.

मग या भीतीचा माग काढत वाचत गेलो. इंग्लंडमध्ये 4 ऑगस्ट 1577 रोजी भर वादळात बंगी आणि ब्लाइथबर्गच्या चर्चमध्ये काळा कुत्रा शिरला, माणसं मेली, असं अब्राहम फ्लेमिंगने तेव्हा छापलं. ब्लाइथबर्गच्या दारावरचे जळके डाग आजही त्याच्या पंजाचे म्हणून दाखवतात. विजेच्या तडाख्याला लोकांनी कुत्र्याचं रूप दिलं असावं. पण त्याच देशात लिंकनशायरच्या कथांमधला काळा कुत्रा रात्री एकट्या बाईला घरापर्यंत सोबत करतो.

आपल्याकडे तर कुत्रा कालभैरवाचं वाहन. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या चार डोळ्यांच्या दोन कुत्र्यांना वाटेचे राखणदार म्हटलंय. गेलेल्या माणसाला त्यांच्या हवाली कर, त्याचं भलं कर, अशी तिथे यमाला विनवणी आहे.

बुद्धीने पाहिलं तरी मी चुकलो, श्रद्धेने पाहिलं तरी चुकलो. हल्ली शेवटच्या लोकलने उतरलो की एक काळं कुत्रं फाटकापर्यंत मागे येतं. मी त्याला हाकलत नाही. वडिलांच्या वाटेवर त्या रात्री कुणी राखणीला आलं असेल, तर मी त्यालाच दगड मारला, हे मनातून जात नाही.