आवाज कुणाचा?

'सिंगिंग इन द रेन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येतं. भर पावसात छत्री मिटून, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला लटकलेला जीन केली. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनाही हे दृश्य ठाऊक असतं. मी चित्रपटांच्या ध्वनीचं काम करते. डबिंग, फोली (पावलांसारखे आवाज स्टुडिओत नव्यानं घडवणं), मिक्सिंग हा माझा रोजचा व्यवसाय. मला हा चित्रपट त्या पावसापेक्षाही त्यातल्या आवाजासाठी मोलाचा वाटतो. पडद्यावरचा आवाज कसा पकडला जातो, कसा निसटतो आणि कसा बळकावला जातो, हे इतक्या अचूकपणे आणि इतकं हसवत सांगणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

त्याचा जन्म झाला तो मात्र जुन्या गाण्यांच्या पोतडीतून. 'एमजीएम'चा निर्माता आर्थर फ्रीड मूळचा गीतकार. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउनबरोबर त्यानं रचलेली गाणी बोलपटांच्या पहिल्या दशकात गाजली होती. शीर्षकगीत तर 1929 सालच्या 'हॉलिवूड रेव्ह्यू'मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आलेलं. या गाण्यांभोवती एक गोष्ट गुंफा, असं फ्रीडनं बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयीला सांगितलं. दोघांनी विचार केला, की गाणी ज्या काळातली आहेत त्याच काळात कथा घडू द्यावी. तो काळ मूकपटांचे बोलपट होण्याचा. अशी 1927 सालच्या हॉलिवूडची गोष्ट तयार झाली. दिग्दर्शन स्टॅन्ली डोनन आणि जीन केली या दोघांचं.

मार्च 1952मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट लागला. लोकांना आवडला, धंदाही चांगला झाला, समीक्षकांनी कौतुक केलं. पण ते कौतुक एका खुसखुशीत करमणुकीचं होतं. त्याच महिन्यात केलीच्याच 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. गर्श्विनचं संगीत, फ्रेंच चित्रकारांच्या शैलीतलं नेपथ्य, शेवटचा लांबलचक बॅले, असा त्याचा थाट. त्याच्या शेजारी हा नवा चित्रपट हलकाफुलका वाटणं साहजिक होतं. पुढच्या वर्षी ऑस्करची फक्त दोन नामांकनं त्याच्या वाट्याला आली, सहायक अभिनेत्री जीन हेगनसाठी एक आणि संगीतासाठी एक. दोन्ही पारितोषिकं हुकली.

प्रेक्षक तेव्हा कशाला हसत होते, ते पाहण्यासारखं आहे. कथेतली लीना लॅमाँट ही मूकपटांची सम्राज्ञी. दिसायला देखणी, पण आवाज चिरका आणि उच्चार अशुद्ध. 'द जॅझ सिंगर' या बोलपटाच्या यशानंतर स्टुडिओला घाईघाईनं बोलपट करावा लागतो. माइक झुडपात लपवतात. बाई संवाद म्हणताना मान वळवतात, तशी अर्धी वाक्यं माइकपर्यंत पोचतच नाहीत. मग माइक त्यांच्या अंगावरच्या कपड्यांत शिवतात, तर छातीचे ठोकेच ध्वनिमुद्रित होतात. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन एका बंद पेटीत कोंडलेले असतात. यातली अतिशयोक्ती थोडी आहे. सुरुवातीचे माइक एका जागी खिळलेले असत आणि नटांना त्यांच्याभोवती उभं राहावं लागे. कॅमेरा पेटीत गेल्यामुळे मूकपटांनी कमावलेली कॅमेऱ्याची चपळाईही काही वर्षं थांबली होती.

त्यानंतरचा प्रदर्शनपूर्व खेळाचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. लीनाच्या गळ्यातल्या मोत्यांची माळ गडगडाटासारखी वाजते, संवाद कधी कानठळ्या बसवतो तर कधी ऐकूच येत नाही, आणि मध्येच सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, सुटतो. नायिकेच्या ओठांवर खलनायकाचा आवाज येतो. प्रेक्षक खुर्चीत लोळून हसतात. तेव्हाच्या व्हायटाफोन पद्धतीत चित्र फिल्मवर असे आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. सुई घसरली किंवा तुटलेली फिल्म जोडताना चार चौकटी कमी झाल्या, की चित्र आणि आवाज यांची ताटातूट ठरलेली. आज आम्ही संगणकावर काम करतो, तरी एखाद-दोन चौकटींचा फरक पडला तर प्रेक्षकाला काहीतरी खटकतंच. नेमकं काय खटकलं, ते त्याला सांगता येत नाही इतकंच.

आपल्याकडेही हेच घडलं होतं. 1931 साली मुंबईत अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' चित्रित केला तेव्हा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर चित्रीकरण चाले आणि माइक इकडेतिकडे दडवले जात. नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांचे मोठे स्टार, पण हिंदुस्तानी संवादांची सवय नसलेले. त्यांच्या पात्राला बराच वेळ अर्धवट शुद्धीत ठेवून त्यातून वाट काढली, असं सांगितलं जातं. मूकपटांची लाडकी नायिका सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, हिलाही भाषा शिकण्यासाठी काही काळ थांबावं लागलं. लीना लॅमाँटला आपण हसतो तेव्हा या माणसांची धडपडही आठवावी, असं मला वाटतं.

काळ गेला तसा या चित्रपटाचा मान वाढत गेला. 1974मध्ये 'एमजीएम'नं आपल्या संगीतपटांतले वेचे एकत्र करून 'दॅट्स एंटरटेनमेंट!' काढला आणि नव्या पिढीनं हे नाच पुन्हा पाहिले. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. 1982च्या कौलात 'सिंगिंग इन द रेन' थेट 'सेव्हन सामुराई'च्या बरोबरीनं तिसऱ्या क्रमांकावर आला. 2022च्या कौलातही तो दहावा आहे. 1989मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीसाठी निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत तो होता. ऑस्करच्या मुख्य शर्यतीत नसलेल्या एका विनोदी चित्रपटाचा हा प्रवास आहे.

हे का झालं असावं? माझं उत्तर असं, की पहिल्या प्रेक्षकांना जी गंमत वाटली ती पुढच्या प्रेक्षकांना चित्रपटकलेची जाण वाटली. चित्रपट कसे बनतात याचं कुतूहल जसजसं वाढलं, तसतसा हा चित्रपट अधिक उलगडत गेला. तो स्वतःच्या धंद्यातली फसवणूक उघड करतो, आणि तरीही त्या धंद्यावर मनापासून प्रेम करतो. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणं फार थोड्यांना जमलं आहे.

त्या फसवणुकीच्या मुळाशी आहे डबिंग. लीनाचा आवाज लपवण्यासाठी कॅथी सेल्डन या होतकरू मुलीला माइकसमोर उभं करतात. लीना कराराचा बडगा दाखवून तिला कायम पडद्याआड ठेवू पाहते. शेवटी भर थिएटरात पडदा वर जातो आणि खरा गळा कुणाचा ते लोकांना दिसतं. पण चित्रपट बनवताना काय झालं? कॅथी लीनासाठी संवाद डब करते त्या दृश्यात ऐकू येतो तो लीना झालेल्या जीन हेगनचाच मूळचा, भारदस्त आवाज. चिरका आवाज हा तिचा अभिनय होता! आणि कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्ससाठी त्यातलं हळुवार गाणं गायलं बेटी नॉइस या गायिकेनं. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही. श्रेय चोरण्याविरुद्धच्या चित्रपटातच एका गायिकेचं श्रेय राहून गेलं, याची मला आजही खंत वाटते.

आपण मराठी आणि हिंदी प्रेक्षक या बाबतीत वेगळे घडलो. 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे स्वतः गायले. पुढे 1935च्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन रुजलं आणि ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा हे आपण मोकळेपणानं मान्य केलं. पण नाव मिळायला तिथेही वेळ लागला. 1949च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. हा आवाज कुणाचा, असं श्रोत्यांनी रेडिओकडे विचारायला सुरुवात केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये नायक पडदा वर ओढतो. इथे तो श्रोत्यांनी ओढला. याचा मला अभिमान वाटतो.

गायकांना न्याय मिळाला, इतरांना अजून पुरता मिळालेला नाही. केलीच्या पावसातल्या टॅप नाचाचे आवाजही चित्रीकरणानंतर वेगळे ध्वनिमुद्रित झाले होते. आजही पडद्यावरची पावलं, दारं, भांडी, पाऊस आणि कित्येक नटांचे संवाद स्टुडिओत बसलेली माणसं नव्यानं घडवतात. त्यांची नावं शेवटी बारीक अक्षरांत सरकून जातात. माझी वाचकांना एवढीच विनंती आहे, की 'सिंगिंग इन द रेन' घरच्यांसोबत जरूर पाहा आणि पोटभर हसा. मग पुढच्या वेळी थिएटरात एखादा आवाज तुम्हाला भावला, तर दिवे लागल्यावर उठू नका. तो कुणाचा आहे ते नाव शोधा, वाचा आणि चार लोकांना सांगा.